खांबात वाजणारा फोन

बुधवार, ७ फेब्रुवारी २०२४. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या अंगणात सात माणसे उभी होती आणि सातही जणांच्या डोक्यावर लोकरीच्या पांढऱ्या नमद्याच्या उंच टोप्या होत्या. आमच्या कोक-तेरेक गावात आडदिवशी इतके म्हातारे अशा टोप्या घालून एकाच दिशेने निघाले की गल्लीतल्या बायका हातातले काम टाकून दाराशी येतात आणि ते कोणाच्या घरी वळतात ते पाहतात. ज्यांच्या घरी ते वळतात, त्यांना पुढे काही सांगावे लागत नाही.

"टोपी घाल आणि चल," ओर्मोनबेक म्हणाला. मृत्यूची बातमी सांगण्याचे काम गावात त्याचेच. आवाज खोल, स्वभाव धीराचा. थेट न सांगता हळूहळू वळसे घेत तो माणसाला त्या एका वाक्यापर्यंत नेऊन पोहोचवतो. "झुराकानचा तालाइ गेला."

"कोणी सांगितलं?"

"बातमीत आलंय."

साद्‍इर या निवृत्त ट्रकचालकाने आपला फोन माझ्यापुढे धरला. जिल्ह्यातले एक बातमीपत्र हल्ली फोनवरच निघते. सकाळचा चहा होईपर्यंत सगळ्यांनी ते वाचलेले असते. त्यात लिहिले होते की, रशियातल्या येकातेरिनबुर्ग शहरात एका पंचवीस मजली इमारतीच्या कामावर कोक-तेरेकचा टी. हा सव्वीस वर्षांचा तरुण काँक्रीट ओतताना खांबाच्या साच्यात पडला. पंप थांबवला तर माल वाया जाईल म्हणून मुकादमाने काम थांबवू दिले नाही. तीन दिवस खांबातून त्याच्या फोनची घंटी ऐकू येत होती. मग बॅटरी संपली.

गावात सव्वीस वर्षांचा, येकातेरिनबुर्गला बांधकामावर गेलेला आणि टी अक्षराचा मुलगा एकच होता. तो झुराकानचा एकुलता एक. झुराकानला ऑक्टोबरमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी तिच्या सुनेला बाजूला घेऊन स्पष्ट बजावले होते, की दुसरा धक्का तिला सोसणार नाही.

"संध्याकाळी सहाला टीव्हीवरही दाखवणार आहेत," साद्‍इर म्हणाला. "फोटो मिळवलाय म्हणे. ती रोज सहाच्या बातम्या लावते. डब्यातून ऐकण्यापेक्षा आपल्या तोंडून ऐकलेलं बरं."

त्याचे म्हणणे रास्त होते. तरीही मी टोपी घातली नाही.

मी राजधानी बिश्केकच्या बांधकाम तंत्रविद्यालयात शिकलो, तेव्हा तिला फ्रुंझे म्हणत. १९७१ साली तिथल्या खानावळीत मी हीच हकीकत ऐकली होती. तेव्हा खांबाच्या जागी धरण होते, तालाइच्या जागी एक वेल्डर होता, आणि फोनच्या जागी मनगटी घड्याळ; भिंतीला कान लावला की त्याची टिकटिक ऐकू येते, असे सांगत. पुढे नारिन नदीवरच्या धरणावर मी नऊ वर्षे काँक्रीट तपासले. तिथल्या प्रत्येक पाळीत तो वेल्डर पाहिलेल्या माणसाला ओळखणारा कोणीतरी असे. प्रत्यक्ष पाहिलेला मात्र मला कधीच भेटला नाही.

हे मी त्यांना सांगितले. आणखी एक गोष्टही सांगितली: अशा खांबात सळयांचा जो पिंजरा असतो, त्यातून मांजर खाली जात नाही, तर माणूस कुठून जाईल?

"बातमीत खांब किती रुंद ते दिलंय का?" ओर्मोनबेकने विचारले.

"नाही."

"मग तुझी मोजपट्टी खिशातच ठेव, मामातकेरिम. आणि गोष्ट जुनी आहे म्हणून पोरगं जिवंत ठरतं का? फोन का लागत नाही त्याचा?"

 फोन खरोखरच लागत नव्हता. तालाइची बायको गुलसिना सकाळीच मागच्या वाडीतून माझ्याकडे येऊन गेली होती. तिने बातमी वाचली होती. सासूचा फोन तिने पिठाच्या डब्यात लपवला होता. "आके, रविवारी दुपारपासून बंद आहे," एवढेच ती म्हणाली आणि पीठ मळायचे आहे म्हणून परत गेली. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला आके म्हणतात. रडलेले डोळे घेऊन सासूसमोर जाता येणार नाही म्हणून तिने माझ्या नळाच्या बर्फासारख्या पाण्याने दोनदा तोंड धुतले.

"मला चार वाजेपर्यंत वेळ द्या," मी म्हणालो. "एका माणसाने जरी सांगितलं, की मी स्वतः पाहिलं, तर टोपी घालतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तरीही चारला निघू. पण तोवर कोणी तिच्या गल्लीत जायचं नाही."

ओर्मोनबेक कुरकुरला, पण बसला. माझ्या बायकोने चहा ठेवला. म्हाताऱ्यांनी टोप्या काढून गुडघ्यांवर ठेवल्या.

पहिला फोन मी बातमी लिहिणाऱ्या मुलीलाच केला. आयझिरेक तिचे नाव. आवाज तरुण आणि घाईतला.

"आके, बातमी पक्की आहे. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आली."

"कुठून कुठून?"

"एक टॅक्सीवाला. त्याला बाजारात एका बाईने सांगितलं, तिचा भाऊ तिथेच कामाला आहे. दुसरं म्हणजे आमच्या संपादकांची आत्या. आणि तिसरं, कामगारांच्या गटात एकाने आवाज पाठवलाय, रडत रडत."

"संपादकांच्या आत्याला कोणी सांगितलं?"

"टॅक्सीवाल्याने. पण तो दुसरा टॅक्सीवाला असेल."

"आणि रडणारा?"

"त्याचं नाव नाही कळलं. पण आके, इतकं रडणं कोणी खोटं रडतं का?" मग तिचा सूर बदलला. "तुम्ही कोक-तेरेकचेच ना? गावात काय परिस्थिती आहे? लोक जमलेत का?"

मी उत्तर देण्याआधी माझ्या पाठीमागून साद्‍इर ओरडला, "सात जण बसलोय, पोरी! निघतोच आहोत! जरा सावकाश लिही, म्हातारी अजून काही जाणत नाही!"

मी फोन बंद केला. साद्‍इरला काही बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवलेला होता.

मग मी गुलसिनाने दिलेल्या क्रमांकांवर एकेक करून फोन लावत गेलो. तालाइच्या खोलीत राहणारा मुलगा: बंद. त्याचा चुलता: बंद. शेजारच्या गावचा गिलावा करणारा: घंटी वाजून वाजून थांबली. प्रत्येक बंद फोनबरोबर अंगणातले म्हातारे एकमेकांकडे पाहत आणि कोणीतरी हलकेच खाकरे. शेवटी मुकादम सापडला. मी गावाचे नाव घेताच तो कुजबुजला:

"आता नको. इथे पोलीस आलेत. पोरं पळाली सगळी. मला काही माहीत नाही." आणि फोन कट झाला.

"पोलीस!" ओर्मोनबेकने कपाळावर हात मारला. "उगाच येतात का पोलीस? आता तरी ऐक."

मीही घाबरलो. हे मी लपवत नाही. पंचवीस मजल्यांवरून माणूस पडण्याचे शंभर मार्ग असतात आणि त्यांतल्या एकाही मार्गाला सळयांचा पिंजरा अडवत नाही.

साडेबाराच्या सुमारास साद्‍इरच्या फोनने खिशात टुणकन आवाज केला. त्याने चष्मा लावला, वाचले आणि मान डोलावली. "झालं. दुजोरा आला."

"कोणाचा?"

"हे काय लिहिलंय: 'कोक-तेरेक येथील ज्येष्ठांनी या दुर्घटनेला दुजोरा दिला असून, मृताच्या मातेस वार्ता देण्यासाठी ते एकत्र जमले आहेत.' बघा! ज्येष्ठांनीच सांगितलंय म्हटल्यावर..."

"साद्‍इर," मी विचारले, "कोक-तेरेकचे ज्येष्ठ म्हणजे कोण?"

तो थांबला. त्याने फोनकडे पाहिले, मग गुडघ्यावरच्या टोपीकडे, मग इतर सहा जणांकडे. चहाचा पेला तोंडापाशी नेलेल्या एकाने तो खाली ठेवला.

"म्हणजे आपण," तो म्हणाला.

"आपल्याला कोणी सांगितलं?"

"बातमीने."

"आणि बातमीला?"

मग ओर्मोनबेक उठला. तो चिडला होता. तो माझ्यावर चिडला होता की साद्‍इरवर, ते त्यालाही ठरवता येत नसावे. "गाढवासारखा ओरडलास," तो साद्‍इरला म्हणाला. "पण मामातकेरिम, याने इतकंच सिद्ध होतं, की आम्ही मूर्ख आहोत. तालाइ जिवंत आहे हे सिद्ध होत नाही. पोलीस तर खरे आहेत ना?"

"पोलीस बातमी वाचून आले असतील."

"असतील. तू म्हणतोस असतील. त्या बाईच्या काळजाशी तू 'असतील'वर खेळणार?"

या प्रश्नाला दोन्हीकडून धार होती. आम्ही गेलो आणि मुलगा जिवंत असला, तर तिला आम्ही मारले. आम्ही गेलो नाही आणि सहा वाजता तिने पडद्यावर त्याचा फोटो पाहिला, तर तिला एकटीला मरायला आम्ही सोडले.

चार वाजले. मी अखेर टोपी घातली, पण एक अट घातली: मी आधी एकटा आत जाईन. बाकीच्यांनी कोपऱ्यावरच्या पॉपलरच्या झाडांपाशी थांबायचे. मी त्यांना हाताने बोलावले तरच यायचे.

"आत जाऊन काय करणार?" ओर्मोनबेकने विचारले.

"टीव्ही बिघडवणार."

तो पहिल्यांदाच किंचित हसला. "तंत्रविद्यालय शेवटी कामाला आलं म्हणायचं."

झुराकान चुलीपाशी बसून लोकर विंचरत होती. गुलसिना भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी मान नकारार्थी हलवली. होही नाही आणि नाहीही नाही. काहीच कळलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होता, पण तिला तो कितपत उमगला कोण जाणे. तिच्या हातातली भाकरी एका बाजूने फाटली.

"या मामातकेरिम आके," झुराकान म्हणाली. "आज इकडे कसे काय?"

"छपरावरची टीव्हीची तबकडी वाकडी दिसली रस्त्यावरून. म्हटलं, सरळ करून जावी."

"चित्र तर स्वच्छ येतं."

"आता येतं. बर्फ पडला की जाईल."

तिने विंचरणे थांबवले. "बोलावल्याशिवाय तुम्ही कोणाच्या छपरावर चढत नाही. बोलावलं तरी तीन दिवस लावता." ती सुनेकडे वळली. "आणि ही सकाळपासून तिसऱ्यांदा पीठ मळतेय. इतक्या भाकऱ्या खाणार कोण, गं?"

"पाहुणे आले तर, आपा," गुलसिना म्हणाली.

"कोण पाहुणे?"

मी शिडी घेऊन बाहेर पडलो. छपरावर निसरडे झाले होते. तबकडीच्या मागची तार मी फिरवून सैल केली आणि हातमोज्यात धरून बसलो. वरून कोपऱ्यावरचे सात म्हातारे स्पष्ट दिसत होते. पॉपलरच्या काळ्या खोडांमध्ये पांढऱ्या टोप्या. समोरच्या दारातून दोन बायकाही त्यांच्याकडे पाहत होत्या. एकीने ओढणीचा पदर तोंडाला लावला होता. म्हणजे टीव्ही बिघडवून फार तर अर्धा तास मिळणार होता; गल्लीला कोणती तार सैल करणार?

खाली फोन वाजला.

मी शिडीवरून कसा उतरलो ते मला आठवत नाही. गुलसिना पिठाने माखलेल्या हातात आपला फोन धरून उभी होती. क्रमांक अनोळखी, रशियातला. तिला तो उचलवत नव्हता. झुराकान तिच्याकडे टक लावून पाहत होती.

"उचल," मी म्हणालो.

तिने उचलला. पलीकडून कोणीतरी भराभर बोलू लागले. गुलसिना आहे तिथे जमिनीवर बसली. झुराकान उठली. तिने सुनेच्या हातातून फोन घेतला. त्या क्षणी मला वाटले, की मी कोपऱ्याकडे हात करायला हवा होता, उशीर झाला.

"कोण आहे?" झुराकानने विचारले. आणि मग, "तालाइ? मेल्या, चार दिवस कुठे होतास?"

मी भिंतीला टेकलो.

तिने फोनचा आवाज मोठा केला, ऐकू कमी येते म्हणून. तालाइ ओरडून सांगत होता. रविवारी सोळाव्या मजल्यावर काँक्रीट ओतताना त्याच्या छातीच्या खिशातला फोन खांबाच्या साच्यात पडला. ओल्या मालाखालून तो थोडा वेळ वाजत राहिला. पोरांनी गंमत म्हणून पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि पोट धरून हसली. संध्याकाळी कोणीतरी ते कोणाला तरी सांगितले. क्रमांक सगळे त्या फोनमध्येच होते. एकही पाठ नव्हता. आज पोलीस आले तेव्हा कागदपत्रांच्या भीतीने सगळे पळून एका तळघरात बसले आणि तिथे कोणाच्या तरी फोनवर त्याने स्वतःच्या मरणाची बातमी वाचली. मग ओळखीतून ओळख काढत गुलसिनाचा क्रमांक मिळवला.

"कोणाच्या मरणाची?" झुराकानने विचारले.

"माझ्या, आपा. पण मी—"

त्याच वेळी रस्त्यावरून हंबरडा ऐकू आला.

"अरे माझ्या काळजाऽऽ! माझ्या कोकराऽऽ!"

ते मिर्झा-आके गावचे झुराकानचे भाऊ होते. बातमी वाचून, गाडी भरून आले होते. आमच्याकडे पुरुष मयताच्या घराकडे येताना दुरूनच मोठ्याने रडत येतात. गप्प येणे अपमानाचे. कोपऱ्यावर ओर्मोनबेकने त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरले होते, पण रडणाऱ्या माणसाला अडवणे कोणाला जमले आहे? थोरला भाऊ तोक्तोमात सर्वांत पुढे होता, कंबरेत वाकलेला, दोन काठ्यांवर, अश्रू दाढीतून गळत होते.

झुराकानच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले. एका कानात मुलगा होता, दुसऱ्या कानात त्याच्यासाठीचा आक्रोश. तिचा डावा हात छातीकडे गेला. मी पुढे झालो, गुलसिनाने तिला कंबरेत धरले. पण झुराकानने तिचा हात झटकला, दार ढकलले आणि लोकरीच्या मोज्यांवरच बर्फात उतरली.

"थांबा!" ती ओरडली. तोक्तोमात थांबला नाही. त्याला वाटले, बहीण दुःखाने वेडी झाली. तिने फोन त्याच्या दाढीजवळ धरला. "कोणासाठी रडतोयस? हा घे. त्यालाच विचार कसा मेला ते."

"ताइआके?" फोनमधून मामाला हाक आली. "सलाम आलेइकुम. तब्येत बरी आहे ना?"

तोक्तोमातचे रडणे मध्येच तुटले. तो फोनकडे पाहत राहिला. सवयीने म्हणाला, "आलेइकुम सलाम, बेटा," आणि मग तिथेच बर्फात बसला. त्याला उचलून आत न्यायला चौघे लागले.

गुलसिनाने औषधाची गोळी आणली. झुराकानने ती जिभेखाली ठेवली, भिंतीला टेकून डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली. मी तिची नाडी धरली होती. घर माणसांनी भरले होते, पण खाकरायचीही कोणाची हिंमत होत नव्हती. मग हळूहळू नाडी ठिकाणावर आली.

डोळे न उघडता ती म्हणाली, "ओर्मोनबेक आके, ही टोपी कशाला घातलीत?"

ओर्मोनबेकने टोपी काढली, हातात फिरवली. गावात सर्वांत गोड जीभ ज्याची, त्याला दोन शब्द सापडेनात. "चांगली बातमी घेऊन आलो होतो, झुराकान," तो अखेर म्हणाला. "बक्षीस मागायला. रुमाल तरी दे."

घर हसले, जरा जास्तच हसले.

"भाकऱ्या घ्या," ती म्हणाली. "सुनेने तुमच्यासाठीच केल्यात." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. "आणि तुम्ही, वर जाऊन तार लावा. सहा वाजत आलेत. माझ्या पोराला कसं मारलंय ते बघायचंय मला."

मी पुन्हा छपरावर चढलो. खाली उतरलो तेव्हा वाहिनीवर तालाइचा फोटो होता, लग्नातला, त्याला काळी चौकट. निवेदिका सांगत होती, की गावच्या ज्येष्ठांनी दुजोरा दिला आहे. साद्‍इर भाकरीत तोंड घालून बसला. फोन अजून चालूच होता. "कोणता फोटो लावलाय?" तालाइ विचारत होता. "दाढीवाला नाही ना?"

"लग्नातला," गुलसिना म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा सासूसमोर रडली.

दुसऱ्या दिवशी मी आयझिरेकला फोन केला. ती घाबरली, मनापासून आनंदलीही. पण दुरुस्ती छापायला संपादक पुरावा मागतात, म्हणाली. फोनवरचा आवाज कोणाचाही असू शकतो. मृत्यूचा पुरावा काय होता, असे मी विचारले. "तुमचा दुजोरा होता, आके," ती म्हणाली, आणि त्यात तिने माझी थट्टा केली नव्हती.

आठवड्याने दुसरी बातमी आली: कोक-तेरेकचा तरुण खांबातून जिवंत बाहेर. त्यात फोन तीन नव्हे, चार दिवस वाजला होता. पहिली बातमी त्यांनी काढली नाही.

तालाइ मे महिन्यात घरी आला. त्या पहिल्या बातमीखाली त्याने स्वतः लिहिले, की मी जिवंत आहे, जेवतो आहे. मेलेल्या माणसाची चेष्टा करतोस, लाज नाही वाटत, असे कोणीतरी त्याला उत्तर दिले. आज सकाळी मी पुन्हा ती बातमी उघडली. शोकसंदेशांची संख्या दोन हजार एकशे चौदा.